ओली तबकडी

वटार गावच्या श्रीरंग राऊतांना, म्हणजे भाऊंना, आपल्या विहिरीचा जेवढा अभिमान होता, तेवढा पोटच्या पोरीचाही नव्हता. पोरगी क्षितिजा नाशिकला कॉलेजात शिकवायची, चारचौघांत नाव काढण्यासारखी होती. पण पाहुणा ओटीवर टेकला की भाऊ आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे, आणि त्याने घोट घेतला रे घेतला की विचारायचे, "काय? कसंय पाणी?" गोड आहे असं म्हटल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. मग भाऊ मांडीवर थाप मारून सांगायचे, "अहो, समुद्र इथून हाकेवर. आणि पाणी बघा! नारळातल्या पाण्याने लाजावं."

वडिलांचं एक वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं होतं. विहीर जेवढी उपसावी तेवढी गोड होते. वडील हे बोलले तेव्हा उपसा व्हायचा तो रहाटाने, बैल फिरायचा आणि दमायचा, बैल दमला की विहिरीलाही विसावा मिळायचा. पण वाक्य तेवढं लक्षात राहिलं, बैल विसरला गेला. सत्याण्णव साली नव्या इमारतींना पाणी पुरवणारा एक टँकरवाला दारात आला, तेव्हा भाऊंनी फारसा विचार केला नाही. आजूबाजूचे देतच होते. वर भाऊंनी त्यात पुण्यही शोधलं : तहानलेल्याला पाणी पाजायचं, आणि उपसा होऊन आपलीच विहीर गोड होणार. आधी दिवसाला दोन टँकर जायचे, मग पाच, मग मोजायचं कोणी? टँकर कुंपणाशी आला की हॉर्न वाजवायचा आणि भाऊ ओटीच्या खांबावरचं मोटारीचं बटण दाबायचे.

बायको, मनोरमा, तेव्हा बोलत होती. "एवढं पाणी काढू नका," असं ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. भाऊंनी ते पालथ्या घड्यावरून ओघळू दिलं. बँकेत हेडकॅशियर होते ते. घरात त्यांच्या शब्दावर शब्द ठेवायची पद्धत नव्हती.

दोन हजार साली मनोरमाचं ऑपरेशन झालं. गळ्यात गाठ निघाली, ती वाईट निघाली, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याच्या खळग्यात एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची आणि त्यावर पांढऱ्या मलमलीचा रुमाल बांधायची. बोलणं संपलं. सुरुवातीला वह्या आणल्या, त्या भराभर संपायला लागल्या, तेव्हा क्षितिजाने शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी आणून दिली. 'जेवायला या', 'दूधवाला आला', 'पाठ दुखते', एवढंच ती लिहायची. बोलणाऱ्या बाईने दिवसभरात जे शंभर अघळपघळ शब्द बोलावेत, ते पाटीवर कोण लिहीत बसणार? घर गप्प झालं.

तसं ते आधीही फार बोलकं नव्हतं. आता खरं सांगायचं तर मनोरमा लग्न होऊन आली तेव्हा गाणारी मुलगी म्हणून आली होती. तिच्या वडिलांना मुलीच्या आवाजाचं इतकं वेड की लग्नाच्या आदल्या वर्षी, एकोणसत्तर साली, मुंबईतल्या एका छोट्या कंपनीकडून त्यांनी तिच्या दोन गाण्यांची रेकॉर्ड काढून घेतली होती. लहान, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, व्हिनाइलची. पन्नास प्रती निघाल्या आणि सोयऱ्याधायऱ्यांत वाटल्या गेल्या. गाणी गावच्याच एका मास्तरांनी लिहिलेली. पहिल्या गाण्याची ओळ होती, 'सांज उतरली बावखळावर, कोण गं भरते घागर'. बावखळ म्हणजे वाडीतलं तळं, तेव्हा प्रत्येक वाडीत असायचं.

सासरी आल्यावर मनोरमा पानवेलीच्या मळ्यात पानं खुडताना गायची. वेलींच्या सावलीत तिचा आवाज असा भरून यायचा की पलीकडच्या वाडीतली माणसं काम थांबवायची. आणि भाऊंना नेमकी त्याचीच लाज वाटायची. राऊतांच्या सुनेचं गाणं लोकांनी कुंपणापलीकडून ऐकावं म्हणजे काय? "हळू म्हण," ते म्हणायचे. रागावून नाही हं, अगदी समजुतीनेच. "शेजारी ऐकतात." तिने आवाज हळू केला. मग आणखी हळू केला. कधीतरी तो बंद झाला. कधी बंद झाला ते भाऊंना सांगता आलं नसतं, कारण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

ऑपरेशननंतर वर्षभराने भाऊंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दिवसभर घरात बसायला लागले. रिकाम्या माणसाला शांतता फार ऐकू येते. एका दुपारी जुनी ट्रंक उपसताना, मनोरमाच्या लग्नातल्या शालूच्या घडीत त्यांना ती रेकॉर्ड सापडली. कागदी पाकीट पिवळं पडलेलं, कोपऱ्यात तिचं माहेरचं नाव. भाऊंनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर काढला, पुसला, ओटीवर स्टुलावर मांडला आणि सुई टेकवली.

आधी खरखर आली. तव्यावर मोहरी टाकल्यासारखी तडतड, आणि तिच्या मागे कुठेतरी लांब, वीस वर्षांची मनोरमा गात होती. भाऊ स्टुलाकडे वाकले. कान स्पीकरला टेकवला. 'कोण गं भरते' एवढं कळलं आणि पुढचं तडतडीत बुडालं. आत स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला होता.

त्या दिवशी श्रीरंग राऊतांनी मनाशी ठरवलं की हा आवाज स्वच्छ करायचा. त्यावरची खरखर काढायची आणि मनोरमाचा आवाज होता तसा परत घरात आणायचा. इतक्या उशिरा सुचलेलं प्रेम माणसाला फार कामाला लावतं.

चौकशी केली तर दुसरी प्रत कुठेच नव्हती. मनोरमाच्या भावाकडची होती, तिच्यावर कोणीतरी गरम पातेलं ठेवलं होतं आणि ती पापडासारखी वाकडी झाली होती. बाकीच्या भंगारात गेल्या, घरं बदलताना गेल्या. म्हणजे होती ती हीच एक.

क्षितिजाला फोनवर सांगितलं तेव्हा ती गहिवरलीच. "बाबा, तुम्ही हात लावू नका. माझ्या ओळखीत एक जण आहे, तो जुन्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवून देतो. पुढच्या महिन्यात येते आणि घेऊन जाते."

"खरखरीसकट उतरवणार?" भाऊ म्हणाले.

"असू दे की खरखर. आईचा आवाज तर राहील."

"छे छे. आधी मी ती नीट स्वच्छ करतो. मग ने."

"बाबा, तो करेल ना स्वच्छ. त्याला त्यातलं कळतं."

"मला कळत नाही असं म्हणायचंय का तुला?" भाऊंनी विचारलं, आणि पलीकडे क्षितिजाने विषय सोडला. ती त्याच घरात वाढली होती, तिलाही शब्दावर शब्द ठेवायची सवय नव्हती.

भाऊंनी रीतसर काम सुरू केलं. खरखर म्हणजे घाण, घाण म्हणजे धुवायची, आणि धुवायची तर पाणी कोणाचं? विहिरीचं. रात्री रिठे भिजत घातले, सकाळी त्यांचा फेस काढला, मधलं लेबल भिजू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी धरली, आणि मऊ मखमलीच्या फडक्याने रेकॉर्ड गोल गोल पुसली. मग विहिरीच्या पाण्याने खळखळून धुतली. धीर कुठला? निथळली न निथळली तोच, ओलीच, प्लेअरवर ठेवली.

आणि काय सांगावं! मनोरमा गायला लागली. खरखर जवळजवळ नाहीच. स्वच्छ, उजळ, जरासा नाकातला, लाजरा आवाज. 'सांज उतरली बावखळावर', आणि 'बावखळा'वर ती एक हरकत घ्यायची, ती भाऊंनी तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मनोरमा! ये, ये, ऐक!" ते ओरडले. ती दारात आली, पदराला हात पुसत उभी राहिली, गाणं संपेपर्यंत थांबली आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावरून भाऊंना काही कळलं नाही. तिला आनंद झाला असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

संध्याकाळी पुन्हा लावली, तेव्हा रेकॉर्ड सुकली होती आणि खरखर परत आली होती. थोडी जास्तच होती म्हणा. भाऊंनी पुन्हा धुतली, ओलीच लावली. पुन्हा गाणं स्वच्छ!

मग ते रोजचंच झालं. सकाळी आंघोळ, देवपूजा, आणि देवाला घालतात तशी रेकॉर्डला आंघोळ. ओली असेपर्यंत आवाज साफ यायचा, सुकली की तडतड, आणि दर वेळी आदल्या दिवसापेक्षा थोडी अधिक. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. पण भाऊंनी त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. धुतल्यावर साफ होते, म्हणजे धुणं बरोबर. सुकल्यावर बिघडते, म्हणजे हवेतली धूळ चिकटते. दोष धुळीचा. ओटीचं झाडणं बंद झालं. मनोरमा केरसुणी घेऊन आली की भाऊ दोन्ही हात पसरून आडवे यायचे. खिडक्या बंद झाल्या. रस्त्यावरून टँकर गेला की भाऊ प्लेअरवर टॉवेल टाकायचे. मोटारीचं बटण मात्र स्वतःच उठून दाबायचे, कारण तो टँकर त्यांच्याच विहिरीवर आलेला असायचा.

सुई उडायला लागली तेव्हा त्यांनी जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती केली. सुईच्या डोक्यावर आठ आण्याचं नाणं चिकटवलं. सुई दाबून बसली. तरी आवाजात एक घोगरेपण येऊ लागलं, तेव्हा आठ आण्यांच्या जागी रुपया आला.

एक दिवस मनोरमाने पाटी त्यांच्यासमोर धरली. 'पाणी मचूळ लागतंय. डाळ शिजत नाही.'

भाऊंनी पाटी वाचली आणि हसले. "अगं, डॉक्टर काय म्हणाले होते? नाकाने श्वास नाही, त्यामुळे वास नाही, चव नाही. तुझी चव गेलीय. पाणी कसं मचूळ लागेल?"

तिने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'चव गेली. डाळ शिजत नाही ती दिसते.'

"डाळ जुनी असेल," भाऊ म्हणाले. "वाण्याला सांगतो."

पानवेलींच्या कडा पिवळ्या पडत होत्या, तो बुरशीचा दोष. मेमध्ये क्षितिजा येऊन गेली, तिचा चहा नासला, तो दुधाचा दोष. ती कॅसेटचा विषय काढायला लागली तर भाऊ म्हणाले, "अजून साफ होतेय. दिवाळीला ने." तिने आईकडे पाहिलं. आईने नुसती मान हलवली. जाताना क्षितिजाने रेकॉर्डच्या पाकिटाला हात घातला, तेव्हा भाऊंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "मी आहे ना," ते म्हणाले. रिकाम्या हातांनी ती गेली. भाऊंना राहून राहून वाटायचं, आपण केवढं करतो आहोत हिच्या आईसाठी.

सप्टेंबरअखेर एका सकाळी ओली रेकॉर्डही साफ वाजेना. भाऊंनी पुन्हा धुतली, तीनदा धुतली. ओली असूनही मनोरमा घसा बसल्यासारखी येत होती. तेव्हा कुठे ते घाबरले आणि त्यांनी सांडोर गावच्या व्हिन्सेंटला बोलावणं धाडलं.

व्हिन्सेंट म्हणजे रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, प्लेअर, सगळं दुरुस्त करणारा माणूस. चर्चच्या सणाला कर्णे तोच लावायचा आणि गणपतीच्या मंडळालाही तोच लागायचा. साठीला टेकलेला, बोलायला फटकळ. स्कूटरवरून उतरला, पिशवी ओटीवर ठेवली आणि पहिल्यांदा त्याची नजर गेली ती सुईवरच्या रुपयाकडे.

"हे कोणी केलं?"

"उडत होती, म्हणून—"

"भाऊ, नांगरावर दगड ठेवतात तसा रुपया ठेवलात तुम्ही." त्याने नखाने नाणं काढलं. खिशातून भिंग काढून सुई पाहिली, मग रेकॉर्ड उन्हात तिरपी धरून बराच वेळ पाहिली. "कशाने धुता?"

"रिठ्याने. एकदम सौम्य."

"रिठा चालेल. पाणी कुठलं?"

"आपल्या विहिरीचं," भाऊ म्हणाले, आणि सवयीने त्यांनी तांब्या पुढे केला. "घ्या ना. बघा कसंय पाणी."

व्हिन्सेंटने घोट घेतला. तोंडात फिरवला, उठून ओटीच्या कडेला गेला आणि जास्वंदीच्या मुळाशी थुंकला. वटारच्या राऊतांच्या दारात आजवर असं कोणी केलं नव्हतं.

"वहिनी," त्याने आत हाक मारली, "दोन स्टीलच्या ताटल्या द्या हो."

मनोरमाने ताटल्या आणून दिल्या. व्हिन्सेंटने एका ताटलीत तांब्यातलं थोडं पाणी ओतलं, दुसरीत पिशवीतल्या बाटलीतलं, जे गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी. दोन्ही ताटल्या अंगणातल्या उन्हात ठेवल्या. "आता चहा करा, बिनदुधाचा," तो म्हणाला, आणि प्लेअर उघडून बसला.

ऊन कडक होतं. अर्ध्यापाऊण तासाने पाणी सुकल्यावर त्याने ताटल्या आणून भाऊंच्या समोर मांडल्या. बॅटरीच्या पाण्याची ताटली लख्ख होती. विहिरीच्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर होता. भाऊंनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला बारीक, खरखरीत कण लागले. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"मीठ," व्हिन्सेंट म्हणाला. "मीठ, चुना, काय काय. ओली असते तेव्हा सुई पाण्यातून घसरते, म्हणून तुम्हाला साफ वाटतं. सुकली की हे सगळं चरांत बसतं. त्यावरून तुम्ही सुई फिरवली, वर रुपया ठेवून. रोज. पाट्यावर मसाला वाटतात ना, तसा वाटलात तुम्ही तो आवाज."

"पण आमची विहीर गोड आहे," भाऊ म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना पोरकट वाटला. "समुद्राला एवढी लागून असून गोड."

"होती. आमच्या सांडोरच्याही होत्या." व्हिन्सेंटचा आवाज चढला. "गोड पाणी वर होतं म्हणून खारं खाली दबून होतं. वरचं काढून विकलं, खालचं वर आलं. आम्ही टँकरसमोर आडवे झालो तेव्हा तुम्ही सगळे म्हणालात, सांडोरकरांना कामधंदा नाही."

भाऊंनी खरोखरच तसं म्हटलं होतं, बँकेच्या काउंटरवर बसून, चारजणांत. "उद्यापासून टँकर बंद," ते म्हणाले. "उद्यापासून कशाला, आजपासून."

"करा बंद. करायलाच पाहिजे. पण समुद्र काय टँकर आहे, हॉर्न वाजवून मागे घ्यायला?" व्हिन्सेंटने चहाचा कप खाली ठेवला. मग भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा नरमला. "आणा. धुतो मी. बसलेलं मीठ निघेल. घासलेलं मात्र भरून येणार नाही, आधीच सांगतो."

तो बराच वेळ धूत होता. बॅटरीच्या पाण्याची आख्खी बाटली संपवली. मऊ ब्रशने चरांच्या दिशेने, हळूहळू, जखम धुतात तसं. मग रेकॉर्ड उभी करून सुकवली, चांगली कोरडी केली, नवी सुई बसवली. नाण्याची गरज पडली नाही. "लावा तुम्हीच," तो म्हणाला.

भाऊंनी सुई टेकवली.

तडतड गेली होती. महिनोन्महिने ज्या खरखरीशी ते झुंजत होते ती नव्हतीच. आणि तिच्या जागी होता नुसता एक फुसका, भुसभुशीत आवाज, वाळूवरून गोणपाट ओढावं तसा. त्यात चाल होती. चाल ओळखू येत होती. पण ती हरकत नव्हती, तो लाजरा सूर नव्हता, शब्दांच्या कडा नव्हत्या. कोणीतरी बाई गाते आहे एवढंच कळत होतं. ती मनोरमा आहे हे भाऊंना ठाऊक होतं म्हणूनच ती मनोरमा होती. परक्याला ते कधीच पटलं नसतं.

"जाऊ दे," व्हिन्सेंट म्हणाला. त्याने पिशवी आवरली, पैसे विचारले नाहीत आणि देऊ केले तर घेतले नाहीत. जाताना मनोरमाला त्याने वाकून नमस्कार केला. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे गेला तरी भाऊ तसेच बसून होते. क्षितिजा मेमध्येच ही घेऊन जाणार होती. तेव्हा मोहरी तडतडत होती, पण तिच्यामागे मनोरमा अख्खी होती. हे त्यांना आता नीट, लख्ख कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. आपण हिचा आवाज दोनदा घालवला, असं त्यांच्या मनात आलं. पहिल्यांदा गाठ यायच्या कितीतरी आधी.

त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वाळूवरून गोणपाट ओढल्याचा तो आवाज ओटीभर पसरला. भाऊंनी मान वर केली तर मनोरमा खांबाला टेकून उभी होती. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती कुंपणापलीकडे कुठेतरी बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

भाऊ बघत राहिले. जिथे रेकॉर्डवर शब्द विरघळला होता तिथे तिचे ओठ तो अख्खा उच्चारत होते. ओळ संपली की ती थांबायची, गळ्यावरची मलमल आत ओढली जायची, फुगायची, आणि पुढची ओळ ओठांवर यायची. पहिलं कडवं संपलं. दुसरं आलं. भाऊंना या गाण्याची पहिली ओळ सोडली तर काहीच माहीत नव्हतं. रेकॉर्ड साफ वाजत होती तेव्हाही ते रडण्यात गुंतले होते, शब्द ऐकलेच नव्हते. तिला मात्र एकूण एक शब्द ठाऊक होता. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, सगळं. तेहतीस वर्षं ते तिच्या तोंडात होतं. एकदा तर हरकतीच्या जागी तिची हनुवटी किंचित वर गेली आणि डोळे मिटले गेले.

गाणं संपलं. सुई शेवटच्या चरात गोल गोल फिरत राहिली.

भाऊ धडपडत उठले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, टेबलावरची बँकेची जुनी डायरी ओढली आणि कोरं पान शोधून तिच्यासमोर येऊन बसले. "मनोरमा," ते म्हणाले, "आवाज मी घालवला. माझी चूक. पण शब्द तरी राहू देत. तू पाटीवर लिही, मी इथे उतरवून घेतो. दोन्ही कडवी. क्षितिजासाठी. माझ्यासाठी." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, आयुष्यात तिला कधी न म्हटलेला शब्द त्यांनी म्हटला, "कृपा कर."

मनोरमाने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, रागाने नाही, दयेनेही नाही, दारात आलेला विक्रेता काय विकतो आहे ते आधी समजून घ्यावं तसं. मग तिने खांबामागची पाटी घेतली, पदराने पुसली आणि पेन्सिल टेकवली. भाऊंनी डायरीवर पेन टेकवलं.

तिने लिहिलं, 'आठवत नाही.'

पाटी तिने त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि ती भात बघायला आत गेली.